सपाट जागा

आमच्या गल्लीत एकही घर सरळ उभं नाही.
जनकगंजातून वर येताना रस्ता डावीकडे कलतो,
मग किल्ला दिसतो, मग उजवीकडे,
आणि मी गाडी लावते ती नाक वर करून,
मागच्या चाकाखाली वीट.

दोन वर्षं मी तिथंच तेल बघत होते.
काडी ओढायची, टोक जेमतेम ओलं.
कमी आहे म्हणायचं
आणि डब्यातून ओतायचं, पावशेर, पावशेर,
जेवत नाही म्हणून पोराला भरवत राहावं
आणि तो शेजारी जेवून आलाय हे कळूच नये, तसं.

रामसेवक कुशवाहानं बॉनेट उघडून बघितलं
आणि काही बोलला नाही. तेच वाईट.
खाली झोपून बोल्ट सैल केला.
घमेल्यात काळं तेल पडत राहिलं, पडत राहिलं.
"दीदी, ढलान पे नाप नहीं होता.
तेल सारा पीछे बैठा है, आप आगे पूछ रही हैं."
जास्त झालं की फेस होतो, म्हणाला,
आणि फेस कशालाच धरून ठेवत नाही.

छत्तीस वर्षं मी जयारोग्यमध्ये रक्तदाब मोजला.
जिना चढून आलेल्याला आधी बसवायचं.
पाच मिनिटं. बोलू द्यायचं नाही.
पाय जमिनीला, हात काळजाच्या उंचीला.
किती नव्या डॉक्टरांना ऐकवलंय हे,
घाईघाईत पट्टा आवळणाऱ्या पोरांना.
आणि माझ्याच गाडीला मी चढावर,
ती धापा टाकत असताना, विचारत होते : किती?

म्हणून आता महिन्यातला पहिला रविवार,
मेळ्याचं मैदान.
मेळा उठला की तिथं कुणी नसतं.
पाळण्यांचे बुजवलेले खड्डे, शेंगांची टरफलं, एक कुत्रं,
आणि अख्ख्या ग्वाल्हेरात मला सापडलेली
एवढीच सपाट जागा.

इंजिन बंद करते. दहा मिनिटं.
तेल वरून खाली उतरत असतं,
ड्यूटी संपलेल्या बायका जिन्यावरून उतरतात तसं,
एकेक, रेंगाळत.
हे पुढच्या सीटवर घड्याळ बघतात.
"झालं का?"
नाही झालं.

पहिल्यांदा काडी निघते ती वाचायची नसते.
तिच्यावर सगळा प्रवास उडालेला असतो,
खड्डे, वळणं,
फूलबागेच्या सिग्नलवरचा माझा संताप.
पुसून टाकते.
फडकं युनिफॉर्मच्या जुन्या साडीचं, पांढरं.
पांढऱ्यावर काही लपत नाही.
मग पुन्हा आत, टेकेपर्यंत.
पुन्हा बाहेर.
आडवी धरून दोन्ही अंगांनी बघते.
दोन्ही अंगं सारखं सांगत नाहीत;
जे कमी सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा.

दोन खाचा आहेत. मधे बोटभर जागा.
खालच्या खाचेखाली गेलं की लोखंड लोखंडाला खातं,
वरचीच्या वर गेलं की फेस.
आज वरच्या खाचेच्या किंचित खाली.

काच उतरवून हे विचारतात, "किती?"
सवय जात नाही :
पेशंटला आकडा सांगायचा नाही,
बरं आहे म्हणायचं आणि कागदावर लिहायचं.
मी खणातली वही काढते.
तारीख, किलोमीटर, काडीचं छोटंसं चित्र, त्यावर रेघ.
"अगं, पण किती?"

"गप्प बसा पाच मिनिटं," मी म्हणते,
डिकीतून मशीन काढत.
"पाय खाली टेकवा.
आता तुमचा घेते."